वायफाय नसलेल्या घरात फोनचा बॅकअप: क्लाऊड किती घ्यायचा, नेटपॅक कोणता

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मावशीचं तळमजल्यावरचं घर बुडालं. माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली होती म्हणून सुखरूप राहिली. फोन मात्र उशाशीच राहून गेला. चिखल काढून झाल्यावर आठवडाभराने तिला नवा फोन आणला, तिच्याच खात्याने लॉगिन केलं आणि फोटो उघडले. शेवटचा फोटो १४ फेब्रुवारीचा निघाला. त्या दिवशी ती पुण्याला आमच्याकडे आली होती आणि आमच्या वायफायला तिचा फोन जोडला होता. त्यानंतरच्या पाच महिन्यांतलं काहीच वर चढलं नव्हतं. मे महिन्यात तिच्या नातीचं बारसं झालं होतं, लॉकडाऊनमुळे आम्हाला कुणालाच जाता आलं नव्हतं. तिने व्हॉट्सॲपवर पाठवलेले सातआठ फोटो तेवढे उरले.

बॅकअप चालू होता. ती सेटिंग मीच करून दिली होती. पण बॅकअप फक्त वायफायवर घ्यायचा, ही अट तशीच राहिली होती, आणि मावशीकडे वायफाय नव्हतं. मोबाइल डेटा वाचावा म्हणून बहुतेक फोटो ॲपमध्ये सुरुवातीला हीच अट असते. ज्या घरात सगळं रिचार्जवर चालतं तिथे असा बॅकअप वर्षानुवर्षं वायफायची वाट बघत बसतो आणि घरच्यांना वाटतं, फोटो सुरक्षित आहेत. त्यामुळे क्लाऊडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या साठ्यात) किती जागा घ्यायची आणि नेटपॅक कोणता टाकायचा, या दोन्ही गोष्टी एकत्रच ठरवायला हव्यात. हे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी एकेक पायरी खाली देतो.

आधी स्वतःचा आकडा काढा

प्लॅनच्या जाहिराती नंतर बघा. आधी आपला फोन महिन्याला किती भरतो ते काढा. फोनच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा, फोटो आणि व्हिडिओंपुढे लिहिलेले आकडे कागदावर उतरवा, खाली तारीख टाका. महिन्याने पुन्हा बघा. दोन्हींमधली वजाबाकी म्हणजे तुमचा आकडा. (मधल्या काळात काही डिलीट करू नका, नाहीतर हिशोब चुकेल.)

थांबायचं नसेल तर अंदाज असा बांधा. आजच्या साध्या फोनवरचा एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी खातो. फोर-के लावलं तर आयफोनवर तोच आकडा मिनिटाला १७० एमबीपर्यंत जातो, आणि सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या तर ४०० पर्यंत. महिन्याला ३०० फोटो आणि २० मिनिटं फुल एचडी व्हिडिओ काढणारं घर धरू. फोटोंचे १.२ जीबी, व्हिडिओचे सुमारे २ जीबी, मिळून ३.२ जीबी. वर्षाचे अडतीसेक जीबी झाले.

हा आकडा हातात आला की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर २८ दिवसांत तुमच्याकडे ४२ जीबी डेटा असतो. त्यातले ३.२ जीबी म्हणजे जेमतेम दोन दिवसांचा कोटा. याचा अर्थ, बहुतेकांचा बॅकअप आहे त्याच नेटपॅकवर आरामात होऊ शकतो. अडतं ते सेटिंगपाशी आणि फोनमध्ये साठलेल्या जुन्या ढिगापाशी. त्या दोन्हींबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

क्लाऊड कोणता आणि किती

अँड्रॉइड फोन असेल तर गूगल, आयफोन असेल तर आयक्लाऊड. नवख्या माणसाला मी एवढंच सांगतो, कारण फोन बदलताना सगळं आपोआप परत येण्याची सोय तिथे मुळातच असते. ड्रॉपबॉक्स फुकटात २ जीबी देतं, वनड्राइव्ह ५ जीबी. ऑफिसच्या फायलींसाठी ती चांगली आहेत. घरात कुणी मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे आधीच भरत असेल, तर वैयक्तिक प्लॅनबरोबर वनड्राइव्हवर १ टीबी (सुमारे १,००० जीबी) जागा मिळते, ती जरूर वापरा.

गूगल १५ जीबी फुकट देतं, पण ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पर्यंत थोडे लहान केलेले फोटो हवे तेवढे चढवता येत आणि ते या जागेत मोजले जात नसत. ती सवलत त्या दिवशी संपली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही काही वर्षं मोजला जात नव्हता, तो २०२४ पासून याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. 'मी काहीच ठेवलं नाही, तरी स्टोरेज फुल कसं?' असं विचारणाऱ्यांचं उत्तर बहुधा इथेच असतं. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ वगळण्याची सोय आहे, ती आधी वापरा. आणि १५ जीबी भरले की फक्त फोटो अडत नाहीत, जीमेलवर मेल येणंही बंद होतं. कॉलेजच्या प्रवेशाची किंवा नोकरीची मेल त्या दिवसांत येणार असेल तर हे फार महागात पडतं.

आयक्लाऊडची फुकट जागा ५ जीबी आहे. महिन्याला ३.२ जीबीच्या हिशोबाने ती दुसऱ्याच महिन्यात संपते. गूगलची १५ जीबी रिकामी असली तरी पाचव्या महिन्यापुढे जात नाही. म्हणजे बऱ्याच घरांना पैसे भरावेच लागणार. गूगलचा १०० जीबीचा प्लॅन भारतात महिन्याला १३० रुपयांना आणि वर्षाचा एकदम घेतला तर १,३०० रुपयांना मिळत आला आहे. आयक्लाऊडवर ५० जीबीचे महिन्याला ७५ रुपये. पैसे भरताना ॲपमध्ये दिसणारा आकडाच खरा धरा. वर्षाला ३८ जीबी जमा करणाऱ्या घराला १०० जीबी अडीच वर्षं पुरतात. सुरुवातीलाच २ टीबी घेऊन ठेवायची काही गरज नाही, भरत आलं की वाढवता येतं.

घरात चार फोन असतील तर चार प्लॅन घेऊ नका. गूगलचा प्लॅन तुम्ही आणखी पाच जणांबरोबर वाटून घेऊ शकता, ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही तेवढेच. जागा वाटली जाते, फोटो वाटले जात नाहीत. सासूबाईंचे फोटो सुनेला दिसणार नाहीत. हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

फुकट जागेसाठी तीन-चार जीमेल खाती काढणारेही भेटतात. कृपा करून हे करू नका. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल त्यातल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. शिवाय तिसऱ्या खात्याचा पासवर्ड कुणाच्या लक्षात राहतो?

रिचार्जबरोबर फुकट मिळणाऱ्या क्लाऊडबद्दलही सांगतो. मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वायफायच्या ग्राहकांना गूगलची १०० जीबी जागा सहा महिने मोफत दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओच्या अनलिमिटेड फाइव्ह-जी प्लॅनवर गूगलची एआय सेवा २ टीबी जागेसकट अठरा महिने मोफत जाहीर झाली. मिळत असेल तर घ्या, पण घेताना मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. फुकट आहे म्हणून २ टीबीत ६०० जीबी भरून ठेवले, तर अठरा महिन्यांनी एवढ्या जागेचे पैसे भरायचे किंवा सगळं उतरवून घ्यायचं, एवढेच दोन रस्ते उरतात. मी स्वतः अशा वेळी फुकट जागेतही १०० जीबीच्या आतच राहतो.

नेटपॅक निवडताना अपलोडकडे बघा

आपण सगळे डाउनलोडचा वेग बघतो, कारण रील अडकली की चिडचिड होते. बॅकअपला मात्र अपलोडचा वेग लागतो आणि तो बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप टाका आणि घरातल्या ज्या कोपऱ्यात रात्री फोन चार्जिंगला असतो, तिथेच उभं राहून वेग तपासा. अपलोड ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट, आणि ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) आला तर १ जीबी चढायला सुमारे २७ मिनिटं लागतात. अर्धा एमबीपीएस आला तर साडेचार तास. मग पॅक कितीही मोठा टाका, काम होणार नाही.

घरात रेंजच नसेल तर कंपनी बदला, नंबर तोच राहतो. 'पोर्ट', मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा (पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत). उत्तरात कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आत्ताच्या कंपनीत निदान ९० दिवस झालेले हवेत. त्याआधी शेजाऱ्यांकडे कुठल्या सिमला रेंज आहे ते विचारा, आणि शेजारी म्हणजे खरोखर शेजारी. मोबाइल कंपन्यांच्या लेखी मुंबई हे एक वेगळं सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं, त्यामुळे दादरच्या भाच्याचा अनुभव देवरुखला उपयोगी पडत नाही. ड्युअल सिम फोन असेल तर एक नंबर बोलण्यासाठी आणि रेंज चांगली असलेलं दुसरं सिम डेटासाठी ठेवता येतं.

आता रोजच्या कोट्याबद्दल. कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने ४ एमबीचा एक फोटो चढायला साडेआठ मिनिटं लागतात. त्याहून वाईट म्हणजे त्या काळात भाजीवाल्यापुढे यूपीआय उघडलं तर चक्र फिरत राहतं. म्हणून दिवसा बॅकअपला मोकळं सोडू नका.

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २९९ रुपयांना झाला आणि रोज २ जीबीचा ३४९ ला. अनलिमिटेड फाइव्ह-जी साधारणपणे २ जीबीच्या पॅकपासून पुढे मिळतं. तुमच्या घरात फाइव्ह-जीची रेंज असेल आणि फोनही फाइव्ह-जी असेल, तर वरचे ५० रुपये वसूल होतात, कारण फाइव्ह-जीवर चढवलेले फोटो रोजच्या कोट्यात धरले जात नाहीत. रेंज फोर-जीवर घसरली की मात्र कोटा कापला जाऊ लागतो, तेव्हा वरच्या पट्टीतलं चिन्ह बघत राहा. फाइव्ह-जी नसेल तर माझ्या मते दीड जीबीचा पॅक पुरेसा आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: २८ दिवसांचा पॅक वर्षातून तेरा वेळा टाकावा लागतो, म्हणून खर्चाची तुलना महिन्यावर न करता दिवसावर करा.

जुना ढीग वर कसा चढवायचा

सगळ्यात जास्त माणसं इथे कंटाळून सोडून देतात. फोनमध्ये ४० जीबी साठलेत, रोजचा कोटा दीड जीबी, हे होणार कसं?

घरी ब्रॉडबँड घेणं परवडत असेल तर हा प्रश्न एका रात्रीचा आहे. जिओफायबरचा ३९९ रुपये अधिक जीएसटीचा प्लॅन अपलोडलाही ३० एमबीपीएस देतो. त्या वेगाने ४० जीबी तीन-साडेतीन तासांत चढतात. ब्रॉडबँड नको असेल तर लेकाकडे, जावेकडे, जिथे वायफाय आहे तिथे मुक्कामाला जाल तेव्हा फोन रात्रभर चार्जरला लावून ठेवा. यजमानांना सांगून ठेवा म्हणजे झालं. ब्रॉडबँडच्या अनलिमिटेड प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत मुभा असते, तुमच्या ४० जीबींनी त्यांचं काही अडत नाही.

दोन्ही शक्य नसेल तर ही रात्रीची पद्धत, जी मी आता मावशीला लावून दिली आहे. रोजचा उरलेला कोटा रात्री बाराला वाया जातो. रात्री साडेदहाला कंपनीच्या ॲपमध्ये किती डेटा उरला ते बघायचं. फोन चार्जरला लावायचा, बॅटरी सेव्हर बंद करायचा. मग गूगल फोटोमध्ये आपल्या चित्रावर टॅप करून सेटिंगमधून बॅकअपमध्ये जायचं आणि मोबाइल डेटाच्या वापरासमोर 'अमर्याद' करायचं. व्हिडिओसाठी वेगळी खूण आहे, तीही लावायची. ॲप उघडंच ठेवायचं. पावणेबाराला परत येऊन मर्यादा कमी करायची. रोज १ जीबी जरी गेला तरी ४० जीबी चाळीस दिवसांत संपतात. मावशीने हे काम गणपतीपासून दिवाळीपर्यंत केलं, मधल्या कितीतरी रात्री विसरलीही.

ढीग संपला की याच जागी रोजची मर्यादा ३० एमबीवर ठेवा. ३० एमबी म्हणजे सातआठ फोटो, महिन्याचे सव्वादोनशे. थोडेच फोटो काढणाऱ्या वयस्कर माणसांना पुढे हात लावायची गरजच पडत नाही. व्हिडिओ मात्र एवढ्यात बसत नाहीत, ते रविवारी रात्री वेगळे चढवायचे. आयफोनवर मोबाइल डेटावरच्या बॅकअपची खूण सेटिंग्ज, ॲप्स, फोटो, मोबाइल डेटा या वाटेने सापडते. परदेशातून येणाऱ्या किंवा जाणाऱ्यांनी रोमिंगमध्ये बॅकअप घेण्याची खूण काढलेली आहे ना, ते विमानात बसण्याआधीच बघावं.

दोन गोष्टींनी ढीग हलका होतो. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो तेवढ्यावर आणि व्हिडिओ फुल एचडीवर आणून चढवले जातात. घरगुती फोटोंना हे पुरेसं आहे, फ्रेम करून भिंतीवर लावण्याइतके ते चांगले राहतात. दुसरं, गूगल फोटो सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. व्हॉट्सॲपचं फोल्डर सरसकट चालू केलंत तर गुड मॉर्निंगची फुलं आणि एकादशीचे विठोबा तुमच्या विकतच्या जागेत जाऊन बसतील. जपायचे तेवढे फोटो निवडून चढवा.

टॅबलेट आणि हॉटस्पॉट

टॅबलेट घेताना सिमचा घ्यावा की वायफायचा? आयपॅडच्या २०२५ च्या साध्या मॉडेलमध्ये या दोहोंत १५,००० रुपयांचा फरक होता. जो माणूस दिवसभर टॅबलेट घेऊन फिरतो, विमा एजंट, सर्व्हे करणारा, त्याने सिमचा घ्यावा. मुलांच्या अभ्यासासाठी फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

पण हॉटस्पॉटची एक मेख आहे. टॅबलेटच्या दृष्टीने तुमच्या फोनचा हॉटस्पॉट म्हणजे वायफायच. 'फक्त वायफायवर' म्हणून अडवलेलं सगळं, म्हणजे बॅकअप, ॲपचे अपडेट, सिस्टिमचा अपडेट, जोडल्याबरोबर सुरू होऊ शकतं आणि दीड जीबी अर्ध्या तासात उडू शकतात. उपाय सोपा आहे. अँड्रॉइडवर त्या वायफायच्या नावाशेजारच्या चाकावर टॅप करून ते 'मीटर्ड' (म्हणजे मोजून वापरायचं) करा. आयपॅडवर नावाशेजारच्या माहितीच्या खुणेत 'लो डेटा मोड' चालू करा. एकदा केलं की त्या हॉटस्पॉटसाठी ते लक्षात राहतं.

फोटो डिलीट करण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. बॅकअप झाला म्हणून गॅलरीतून फोटो डिलीट केले आणि क्लाऊडवरूनही गेले, असं होऊन रडवेली झालेली माणसं मी बघितली आहेत. गूगल फोटो किंवा आयफोनचं फोटो ॲप यांत केलेलं डिलीट दोन्हीकडे लागू होतं. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोमध्ये 'फ्री अप स्पेस' वापरा, ते फक्त चढून झालेले फोटो फोनमधून काढतं. आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' लावा, मूळ फोटो वर राहतो आणि फोनमध्ये छोटी प्रत. चूक झालीच तर घाबरू नका: बॅकअप झालेले फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात, आयक्लाऊडच्या ३० दिवस.

लग्नाचं, बारशाचं, गेलेल्या माणसांचं जे काही आहे, त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. लायसन्स, गाडीचं आरसी, गुणपत्रिका यांचे फोटो काढून क्लाऊडवर ठेवण्यापेक्षा डिजिलॉकर वापरा. तिथे सरकारी खात्याकडून आलेला दाखला मुळाइतकाच ग्राह्य धरला जातो.

किल्ली कुणाकडे

क्लाऊडच्या खात्याला तुमचा नंबर जोडलेला असतो. रिचार्ज न केल्याने तो नंबर बंद पडला आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळाला, तर ओटीपी त्याला जाईल. म्हणून खात्यात घरातल्या आणखी एकाचा नंबर आणि दुसरा ईमेल घालून ठेवा. गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून किंवा हाताने लिहून रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवा. मावशीने पासवर्ड पाठच्या गल्लीतल्या भाचीच्या वहीत लिहून ठेवला होता, म्हणून फेब्रुवारीपर्यंतचे फोटो तरी हाती लागले.

महिन्यातून एकदा तपासा

दर महिन्याच्या एक तारखेला गूगल फोटो उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टॅप करा. 'बॅकअप पूर्ण' असं दिसलं तर ठीक. 'वायफायची वाट बघत आहे' असं किंवा किती फोटो बाकी आहेत तो आकडा दिसला, तर त्याच रात्री साडेदहाला फोन चार्जरला लावा. वर्षातून दोनदा दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लॉगिन करून कालचा फोटो दिसतो का ते बघा, आणि बघून झालं की तिथून आठवणीने लॉगआउट करा.